सगुणा केणेचा कॉम्प्युटर आणि गोमाजीकाकांचं नाव

डोंबिवलीहून शीळफाट्याकडे निघालं की डाव्या हाताला एका घराच्या ओट्यावर पाटी लटकलेली दिसायची: 'सगुणा डीटीपी. लग्नपत्रिका, हळदीपत्रिका, साखरपुडा, बारसं. एकही नाव सुटणार नाही.' शेवटची ओळ वाचून बिल्डिंगीत राहायला आलेले नवे लोक हसत. गावातलं कुणी हसत नसे. आम्हा आगऱ्यांना त्या ओळीची किंमत बरोब्बर ठाऊक होती.

अहो, शहरी माणसाच्या पत्रिकेत असतं काय? दोन आईबाप, एक हॉल आणि 'कृपया आहेर आणू नये'. संपलं! आमच्या पत्रिकेत वर एकवीरा आई, तिच्याखाली आशीर्वाद देणारे, मग निमंत्रक, मग आपले नम्र, मग मामा मंडळी, आत्या मंडळी, व्यवस्थापक, आणि तळाला पोराटोरांची किलबिल. शेजारच्याचं तान्हं पोरसुद्धा त्यात 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' म्हणत असतं. ज्याचं नाव नाही तो लग्नाला येत नाही. घरी बसतो आणि वर्षभर बोलतो.

सगुणाला हे स्वतःच्या लग्नात कळलं, तेही फार वाईट रीतीने. चौऱ्याऐंशी साली काळुराम केणेशी तिचं लग्न ठरलं. पत्रिका कल्याणच्या एका छापखान्यात दिली. खिळे जुळवणाऱ्याला नावं काही पानात बसवता येईनात, तर त्या शहाण्याने मधली एक ओळ उडवली. कोणती? तर 'श्री. गोमाजी व सौ. सखुबाई'. म्हणजे नवऱ्यामुलाचा सख्खा काका आणि काकू! ज्या सखुबाईने काळुरामच्या हळदीची सगळी तयारी केली, हात पिवळे होईपर्यंत हळद कुटली, तिचंच नाव नाही. गोमाजी पत्रिका घेऊन मोठ्या भावाकडे, म्हणजे सगुणाच्या सासऱ्यांकडे, दामाजीकडे आला, "छापखान्यात चल," म्हणाला. दामाजीने "छापणाऱ्याची चूक हाय, मी काय करू?" असं म्हटलं. बस्स. एवढंच म्हटलं, आणि दोन भाऊ तुटले.

गोमाजी बायकोला घेऊन शहाडला निघून गेला. तिकडेच कारखान्यात नोकरी करत होता, तिकडेच घर बांधलं. मध्ये सखुबाई वारली. दामाजी त्यांच्या दारापर्यंत गेला. आतून कुणी ये म्हटलं नाही आणि याचा पाय काही उंबऱ्याच्या आत पडला नाही. तसाच परत आला. त्या दिवशी घरात कुणी जेवलं नाही.

सगुणाला कुणी कधी बोल लावला नाही, खोटं कशाला बोला. पण तिच्या मनातून ते जात नव्हतं. "माझ्याच पत्रिकेने घर फुटलं," असं ती काळुरामला म्हणायची. तो टेम्पो चालवायचा, त्याचं उत्तर ठरलेलं: "अगो, तू काय छापलीस काय ती?" तेव्हा नव्हती छापली. पण पोरं शाळेत जायला लागल्यावर बाईने डोंबिवलीत मराठी टायपिंगचा क्लास लावला, दुसऱ्याच्या डीटीपी सेंटरात चारपाच वर्षं मान मोडून काम केलं, आणि मग घरातल्या भाताच्या खोलीत स्वतःचा कॉम्प्युटर आणून बसवला. भाताची कणगी हलली, तिथे टेबल आलं. कॉम्प्युटरवर क्रोशाचा रुमाल, खोलीत शिरताना चपला बाहेर. देवघरात नसेल एवढं सोवळं त्या खोलीत होतं.

गिऱ्हाईक आलं की सगुणा पाणी द्यायची आणि पहिला प्रश्न विचारायची, "घरात कुणी रुसलेलं हाय का? त्याचं नाव आधी सांगा." लोक आधी चपापत, मग हसत, मग सांगत. किती घरांतली भांडणं त्या बाईने नुसत्या एका ओळीने मिटवली असतील! आपल्या घरातलं मात्र तसंच राहिलेलं.

अठ्ठ्याण्णव साली धाकट्या नणंदेचं, जनीचं, लग्न ठरलं. जनी म्हणजे दामाजीचं शेंडेफळ. आता म्हातारा पंचाहत्तरीला टेकलेला, गुडघे गेलेले, आणि भावाची आठवण आली की उगाच ओट्यावर येरझाऱ्या घालायचा. एक दिवस नारळ घेऊन, कुणाला न सांगता, शहाडला गेला. परत आला तो फुललेल्या चेहऱ्याने. सगुणाला म्हणाला, "सूनबाई, गोमा बोलला, पत्रिकेत नाव बघतो, मग येतो. तू त्याचं नाव सगल्यांच्या वर घाल. माज्या पन वर."

सगुणाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. चौदा वर्षं ज्याची वाट बघितली ते काम आता तिच्याच बोटांत आलेलं. तिने बाकीची झाडून सगळी नावं आधी घातली, एकवीरा आईचा रंगीत फोटो लावला, कडेने वेलबुट्टी काढली, आणि शेवटी, देवाला हात जोडून, सर्वांत वर काकांचं नाव टाइप करायला घेतलं. 'श्री. गोमा' एवढं उमटलं आणि कॉम्प्युटर अडला. आतून नुसती कुरकुर. माउस हलेना, काही नाही. बंद करून परत चालू केला, परत घातलं. परत तेच. तिसऱ्यांदाही तेच.

आणि हे सगळं मागे पाटावर बसून कोण बघत होतं? दगडाबाई! दगडाबाई म्हणजे दामाजी-गोमाजीची थोरली बहीण. मनाने लोण्यासारखी, पण तोंडाला कुलूप घालायला देव विसरलेला. ती लग्नासाठी माहेरी येऊन राहिलेली. दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी साखरपुड्याला कल्याणला गेली आणि तिथे बायकांत बसून तिने डोळे मोठे करून सांगितलं, "मी सोताच्या डोल्यांनी बगलं गो! बाकी समद्यांची नावं गपचूप घेतं, पन गोमाचं नाव आलं का त्यो कंपूटर जीवच सोडतो. त्याला पन गोमा नको!"

बाई हसायला म्हणून बोलली. पण कल्याणहून शहाड काय लांब आहे? संध्याकाळच्या आत गोष्ट गोमाजीच्या कानावर. आणि गोमाजीचा निरोप दुसऱ्या सकाळी दामाजीच्या ओट्यावर: "यंत्राला पन मी नको, त माणसांना कशाला पायजे? लग्न करा सुखात. मी नाय येत."

दामाजी ते ऐकून खाली बसला. दगडाबाईने तोंडावर पदर घेतला. आणि सगुणा? तिचं डोकं असं सणकलं की विचारू नका. "यंत्राला काय कळतंय कोण गोमाजी आणि कोण दामाजी! मेमरी पुरत नाय त्याची! आठ एमबीमध्ये काय काय मावणार? देवी मावायची, वेलबुट्टी मावायची, आणि वर अख्खी पंचक्रोशी! सगळ्यांत वर एक नाव घातलं की खालचं प्रत्येक नाव एकेक घर सरकतं, तेच त्याला झेपत नाय!" घरातल्यांना यातलं अवाक्षर कळलं नाही, पण सूनबाई चिडली म्हणजे काहीतरी होणार हे कळलं.

डोंबिवलीचा मेकॅनिक म्हणाला, सीझन आहे, पुढच्या आठवड्याशिवाय जमणार नाही, नाहीतर मशीन इथे आणून टाका. लग्नसराईत मशीन आणून टाका! सगुणाने फोन ठेवला आणि काळुरामला म्हणाली, "टेम्पो काढा. ठाण्याला जायचंय. मेमरी मीच आणते आणि मीच बसवते."

"तुला येतं?"

"तुम्ही टेम्पोचा प्लग बदलायला कोणत्या कॉलेजात गेलेलात?"

काळुरामने टेम्पो काढला.

ठाण्याच्या दुकानदाराने आधी काळुरामकडेच बघून बोलायला सुरुवात केली. सगुणा मध्ये उभी राहिली तेव्हा गाडी रुळावर आली. मेमरीच्या जुन्या पट्टीसारखीच पट्टी हवी म्हणून तिने एक काढून पिशवीतून आणलेली. ती बघून त्याने तशाच दोन नव्या दिल्या, बोटभर लांबीच्या, हिरव्या, एका कडेला सोनेरी दातांची रांग.

"ताई, दोन्ही जोडीनेच बसवायच्या. एकटीचा उपयोग नाय. तिरकी घालायची, मग उभी करायची. दोन्ही बाजूला टक्क झालं की बसली. आधी कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावायचा, म्हणजे अंगातला करंट निघून जातो. नायलॉनची साडी नेसून बसू नका. आणि हे सोनेरी दात अगदी साफ पाहिजेत हां. मळले तर पोरांचा खोडरबर घासायचा, बाकी काही नाय."

दुकानातून निघाल्यावर काळुराम घराकडे वळायला लागला, तर ही म्हणाली, "शहाडला घ्या."

गोमाजीकाका अंगणात जाळीची खुर्ची टाकून बसलेले. सुकलेला चेहरा, कपाळाला आठी. सगुणा खाली वाकून पाया पडल्यावर ते तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले, पण 'बस' म्हटलं नाही. ती आपणहून बसली, ओट्याच्या कडेला. पिशवीतून पट्ट्यांची पुडी काढून त्यांच्यापुढे धरली.

"काका, पंगत बसलेली असते, दाटीवाटीने. आणि मग घरचा मोठा माणूस येतो. त्याला वरच्या पानावर बसवायचं तर सगळ्यांना सरकायला लागतं. सरकायला जागाच नसेल तर पंगत अडते. म्हणून काय तो माणूस नको असतो? जागा कमी पडते, काका. ही जागा आणलीय मी. तुमच्या डोळ्यांसमोर बसवते. चला."

"मी बघायला येन," गोमाजी म्हणाला. "जेवाला नाय. आन त्याच्या घरचं पानी पन नाय."

"नका पिऊ."

टेम्पोत पुढे तिघं कोंबून बसली. शीळफाट्याच्या रस्त्याला लागल्यावर काळुरामने विचारलं, "काका, खिडकी उघडू?" काका म्हणाले, "उघड." एवढंच संभाषण झालं.

घरी दामाजी ओट्यावरच होता. भाऊ टेम्पोतून उतरताना बघून म्हाताऱ्याने उठायचा प्रयत्न केला, गुडघ्याने दगा दिला, परत बसला. गोमाजी त्याच्याकडे न बघता, चपला दारात काढून, थेट भाताच्या खोलीत. दामाजी काठी टेकत मागोमाग आला आणि दुसऱ्या भिंतीला टेकला. दोघांच्या मध्ये कॉम्प्युटर.

सगुणाने वायर काढली, स्क्रू काढले, पत्र्याचं झाकण बाजूला ठेवलं. आत ही धूळ! नव्या पट्ट्या स्टीलच्या ताटात ठेवल्या आणि ती आत पळाली, नायलॉनची साडी बदलून सुती नेसायला. परत आली, पत्र्याला हात लावला, जुनी पट्टी तिच्या जागी घातली, मग नव्या दोन, तिरकी, उभी, टक्क. तिरकी, उभी, टक्क. वायर लावली. एकवीरा आईचं नाव घेतलं आणि बटण दाबलं.

टूं! टूं! टूं!

पडदा काळाच. आणि आतून लांबलचक बोंब, थांबायलाच तयार नाही.

गोमाजी उभा राहिला. "बग. आता त नाव घालाच्या आधीच बोंब मारतंय," असं म्हणून तो दाराकडे वळला. चपलेत पाय घातला. दामाजीने हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. या माणसाने आता पाऊल बाहेर टाकलं तर तो या जन्मात परत यायचा नाही, हे सगुणाला स्वच्छ दिसत होतं.

"काका, एक मिनिट! माझी शपथ!"

तिने बटण बंद केलं, वायर खेचली, नवी पट्टी बाहेर काढली आणि उजेडाला धरली. सोनेरी दातांच्या फटींत लाल. दुसरी काढली. तिच्यावरही लाल, आणि जरा पिवळं.

सगुणाने पट्टीकडे बघितलं. मग हळूच मान वळवून दगडाबाईकडे. दगडाबाई दाराच्या कोपऱ्यात, हळदीकुंकवाचा करंडा पदराखाली धरून.

"आत्या!"

"अगो, नवी वस्तू घरान आयली! टेम्पोला लावलं, मिक्सरला लावलं, टीवीला लावलं. हिला नको लावू?" दगडाबाई रडायच्या बेतात. "आन परवा माज्याच तोंडाने घोळ जाला, म्हनून म्हटलं देवीला सांगावं. सोन्याचे दागिने वाटले, म्हनून तितंच लावलं. मग वाटलं तू वरडशील, तं पदराने पुसलं पन!"

भिंतीकडून खुसखुस ऐकू आली. दामाजी हसत होता, काठीवर डोकं टेकून, खांदे गदगदा हलवत. "बाय, तू म्हनजे ना..." त्याला पुढे बोलवेना. आणि दारात एका पायात चप्पल घातलेल्या गोमाजीने ओठ गच्च मिटले, नाक फुगवलं, खूप प्रयत्न केला, पण त्याच्याही तोंडून हसू फुटलंच. दोन भावांचं हसू अगदी सारखं होतं, नाकातून सुरू होणारं. सगुणाने ते पहिल्यांदाच ऐकलं.

"काय करावं लागंल आता?" गोमाजीने चप्पल काढत विचारलं.

"खोडरबराने घासायचं."

पोरांच्या दप्तरात एकच खोडरबर निघाला. सगुणाने विळीवर त्याचे दोन तुकडे केले, एक तुकडा आणि एक पट्टी दामाजीला दिली, दुसरा तुकडा आणि दुसरी पट्टी गोमाजीला. दोघांना पत्र्याला हात लावायला लावला, पट्टी कडेने कशी धरायची ते दाखवलं, आणि दोन म्हातारे समोरासमोर मांडी घालून बहिणीचं कुंकू घासायला बसले. दामाजी म्हणाला, "तुज्या कोपऱ्यान राहिलंय." गोमाजी म्हणाला, "तुजं बग आधी." जनी पाणी घेऊन आली. गोमाजीने तांब्या उचलला, वरून घटाघटा प्यायला, आणि आपण काय केलं हे त्याला तोंड पुसताना आठवलं. दगडाबाईला बोलायचं होतं, पण काळुरामने तिच्याकडे असं बघितलं की ती गिळून बसली.

सगुणाने पट्ट्यांवरचा चुरा फुंकून उडवला नाही, कोरड्या सुती फडक्याने झटकला, आणि परत बसवल्या. बटण दाबलं. एक छोटीशी टूं. पडद्यावर मेमरी मोजणारे आकडे पळायला लागले. नेहमी जिथे थांबायचे तिथे खोलीतल्या सगळ्यांनी श्वास रोखला. आकडे थांबले नाहीत. पळत पळत पार पुढे गेले, तिप्पट झाले, मगच थांबले.

"आयलं गो माजे आये!" दगडाबाई ओरडली. आता तिला कुणी थांबवलं नाही.

पत्रिका उघडली. देवी आली, वेलबुट्टी आली, नावं आली. सगुणाने बोटं ठेवली. 'श्री. गोमाजी' लिहिलं. यंत्र जरा कुरकुरलं, सगळी नावं एकेक घर खाली सरकली, पार किलबिलीतलं तान्हं पोरसुद्धा सरकलं, आणि काकांचं नाव वर जाऊन बसलं, ठळक अक्षरांत.

गोमाजी खुर्चीच्या मागे येऊन बराच वेळ बघत उभा राहिला. वाचायला चष्मा नव्हता, तरी बघत राहिला. मग खाली वाकून, अगदी हळू, लाजल्यासारखा, त्याने विचारलं, "आता जागा हाय ना गो त्यात?"

"हाय काका. पुष्कळ हाय."

"मग सखूचं पन घाल."

सगुणाला पुढचा पडदा दिसेना. डोळे भरून आलेले. भिंतीकडून दामाजीचा आवाज आला, घोगरा. "पयलं घाल तिचं. समद्यांच्या वर. देवीच्या खाली. काळूची हलद तिनेच कुटली होती." आणि मग, सगळं बळ एकवटून, चौदा वर्षं उशिरा, "गोमा, त्या टायमाला मी तुज्याबरोबर छापखान्यात याला पायजे होतो रे. चुकलं माजं."

गोमाजीने जाऊन दामाजीच्या काखेत हात घातला, त्याला उठवला आणि सगुणाशेजारी दुसऱ्या खुर्चीत आणून बसवला. सगुणाने वर लिहिलं: 'कै. सौ. सखुबाई गोमाजी केणे यांच्या आशीर्वादाने'. सगळं गाव परत एक घर खाली सरकलं.

प्रिंटरमधून पहिला कागद करकरत बाहेर आला. सगुणाने तो गोमाजीच्या हातात दिला. त्याने तो दोन्ही हातांनी धरला, कोपऱ्यात करंडा लपवून बसलेल्या बहिणीसमोर नेऊन ठेवला आणि म्हणाला, "घे बाय, हिला लाव आता हलदकुंकू. चारी कोपऱ्यांना लाव."

दगडाबाईने आधी सगुणाकडे बघितलं. सगुणाने मान डोलावली, तेव्हा कुठे तिने बोट बुडवलं. मग गोमाजी दामाजीला म्हणाला, "जेवाला काय हाय तुज्याकडे?" आणि जनी पानं घ्यायला आत पळाली.